थोरलीचा तळ

खुर्शीदाचाची विहिरीजवळच्या फरशीवर पडली, आणि पडली ती थोरलीला धरून. थोरली म्हणजे आमच्या बोरदऱ्यातली सगळ्यात मोठी तांब्याची देग. आत माणूस बसला तर वरून नुसतं डोकं दिसावं, एवढी. चाचीनं हात सोडला असता तर आपटून उठून बसली असती. पण देगेला पोचा पडेल म्हणून तिनं मध्ये मनगट घातलं. मनगट मोडलं. देगेला साधा ओरखडा नाही.

भर दुपारची वेळ होती. वैशाखात त्या वेळी विहिरीवर कुत्रंसुद्धा फिरकत नाही, आणि चाची मुद्दाम तीच वेळ धरायची. तिच्या मागोमाग तांब्याभर चिंच घेऊन येणारी बायडाबाई तेवढी होती. बायडाबाई म्हणजे गोरक्षाची आई. दोघी एकाच साली लग्न होऊन गावात आलेल्या, तेव्हापासून भांडत आलेल्या.

"घासून दिलेली भांडी परत कशाला घासतीस गं?" तिला उठवता उठवता बायडाबाई म्हणाली. "घासलेलीच आणून दिली होती ना त्यांनी?"

"तळाला हात लावून बघ, मग बोल," चाची म्हणाली. वेदनेनं तिचे ओठ पांढरे पडले होते, तरी तिनं डाव्या हातानं देगेचा तळ दाखवलाच.

हे गावाला माहीत नव्हतं. गाव आपलं समजून होतं की आपण भांडी लख्ख करून परत देतो. लोक कार्य झालं की वरवर पाणी फिरवायचे, राखेचा हात मारल्यासारखं करायचे आणि समाजमंदिरामागच्या खोलीत भांडी नेऊन टाकायचे. दुसऱ्या घरी जायच्या आधी चाची ती गुपचूप विहिरीवर न्यायची आणि पुन्हा घासायची. पुढच्या घराला भांडं लखलखीत मिळायचं. ते म्हणायचे, वा, आपलं गाव किती चांगलं.

या भांड्यांची गोष्ट अशी. स्टील आलं, मग मंडपवाल्याची ॲल्युमिनियमची पातेली आली, आणि घरोघरची तांब्या-पितळेची मोठी भांडी माळ्यावर गेली. मग जुनी भांडी मोडीत घेणारा मोडवाला टेम्पो घेऊन गावात फिरायला लागला. एका पावसाळ्यात ओढ्याला पूर होता, मंडपवाल्याची गाडी पलीकडं अडकली आणि गावात एका घरी दहाव्याचं जेवण शिजवायला भांडं मिळेना. त्या दिवशी चाची आणि बायडाबाई घरोघर फिरल्या. ज्याच्या माळ्यावर जे होतं ते मागून आणलं. चाचीचा नवरा अब्बासचाचा कल्हईवाला. त्यानं सगळ्यांना कल्हई करून दिली, आणि गावाचं भांडी मंडळ झालं. ना पाटी, ना अध्यक्ष, ना भाडं. ज्याच्या घरी कार्य त्यानं न्यायची, घासून आणून द्यायची. साध्या जेवणाची वेगळी, मटणाची वेगळी, मटणाच्या भांड्यांच्या कडीला खूण म्हणून तार गुंडाळलेली. हिंदूच्या लग्नाला तीच, मुसलमानाच्या लग्नालाही तीच.

पहिल्यांदा बायका पाळीनं यायच्या. भांडी मोजून घ्यायच्या, वाळवायच्या. मग एखादीच्या घरी पाहुणे यायचे, एखादीचं द्राक्षाच्या छाटणीचं काम निघायचं. चाची म्हणायची, "राहू दे, मी करते." पुढच्या खेपेलाही राहू दे. चाचीचा स्वभावच तसा, दुसऱ्याला सांगण्यापेक्षा स्वतः केलेलं बरं. असं करता करता मंडळात एकटी चाची उरली, आणि गाव मात्र अजूनही तोंड भरून मंडळ, मंडळ म्हणत होतं.

बायडाबाईनं ओरडून माणसं जमवली. अब्बासचाचानं मनगटाला बांबूच्या खपच्या बांधल्या आणि सातपूरला पोराला फोन लावला. आवेज तिथं कारखान्यात पाळीवर कामाला. तो दोस्ताची व्हॅन घेऊन लगोलग आला. आईला व्हॅनमध्ये बसवलं. दार लावणार तोच आतून चाची म्हणाली, "चावी?"

उद्या गावातल्या जीवनच्या पोराचं जावळ होतं, म्हणून बायडाबाईनं तेवढ्यात खोली उघडून थोरलीसकट सगळी भांडी त्याच्या घरी पाठवली होती आणि पुन्हा कुलूप लावलं होतं. चावी तिच्या मुठीतच होती.

"राहू दे की माझ्याकडं," ती म्हणाली.

"आण इकडं. तुझ्या घरात दिवसाढवळ्या चष्मा सापडत नाय."

मोडका हात पोटाशी धरून तिनं डाव्या हातानं चावी घेतली आणि कमरेच्या पिशवीत सारली. व्हॅन निघून गेली. तिच्या मागं धूळ किती तरी वेळ हवेत राहिली.

*

सातपूरला आवेजचं घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली मोटारसायकली, समोर लेथची वर्कशॉप, आणि पाळी सुटली की रस्त्यावर माणसंच माणसं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, हात गळ्यात बांधला, आणि हलवायचा नाही म्हणून बजावलं. चाचीला प्लास्टरपेक्षा बसून राहण्याचाच जास्त त्रास झाला.

सून कौसरला सातवा महिना लागला होता. ती स्वभावानं गरीब, पण सासूनं भांड्याकडं हात नेला की चढ्या आवाजात म्हणायची, "अम्मी, बसा." घरातलं बोलणं अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत चालायचं, पण "बसा" तेवढं ती मराठीतच म्हणे. त्या शब्दाला तिथं जोर होता.

आवेजचं जुनंच पालुपद होतं. "अम्मी, आता तुम्ही दोघं इथंच राहा. बाळ झाल्यावर कौसर एकटी काय काय करणार? माझी कधी रात्रपाळी, कधी दिवसपाळी."

चाचीला यायचं होतं. खरं सांगायचं तर नातवंड मांडीवर घ्यायची तिला इतकी घाई झाली होती, की बाजारात झबली दिसली तरी तिचा पाय अडायचा. पण ती म्हणायची, "मी इथं आले तर तिथं काय होईल? वर्षाच्या आत थोरली मोडीच्या टेम्पोत चढलेली असंल."

"मग चढू दे. तांबंच हाय ते."

"तुझ्या लग्नाचा खाना त्यात शिजला."

"आता माझ्या पोराच्या लग्नापर्यंत तूच घासत बसणार का?" आवेज म्हणाला.

एकीकडं नातू नाही तर नात, दुसरीकडं थोरली. अशा कात्रीत ती गेले काही महिने सापडली होती. आणि आता मोडका हात गळ्यात घेऊन ती खिडकीत बसून हिशोब लावत होती की जीवनच्या घरची भांडी परत आली तर ती घेणार कोण. कमरेला हात गेला आणि तिला चावी लागली. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं, की खोलीला कुलूप आहे आणि चावी आपण बरोबर घेऊन आलो आहोत.

*

इकडं बोरदऱ्यात जावळ झालं. जीवनच्या घरचं कार्य म्हणजे पंगत लांबलचक, बोकड दोन. थोरलीत कढी होती. जेवणं उरकली, पाव्हणे गेले, आणि जीवनची बायको मीना भांडी परत द्यायला खोलीवर गेली तर दाराला कुलूप. ती परत आली आणि भांडी अंगणात पेरूच्या झाडाखाली ठेवून दिली. थोरलीच्या तळाला कढी तशीच वाळली. एक कोंबडी तिच्या काठावर बसायला शिकली.

मीना काही आळशी बाई नव्हती, हे सांगितलं पाहिजे. दिवस उजाडायच्या आत मळ्यात जाणारी, भाजी खुडून पिंपळगावच्या गाडीत घालणारी. पण परक्या भांड्याला माणसाचा हात जरा सैलच चालतो. त्यात ते भांडं जायचं एका अंधाऱ्या खोलीत. खोलीला कोण लाजतंय?

चौथ्या दिवशी सकाळी तिच्या दारात पाच बायका उभ्या राहिल्या. पुढं बायडाबाई, मागं तिची सून मंगलाबाई हातात हळदीकुंकवाचं ताट घेऊन, आणि भावकीतल्या तिघी. गोरक्षाच्या पोरीचं, तेजस्विनीचं लग्न उद्यावर आलं होतं. लग्नाआधी थोरलीला हळदकुंकू लावून पाच जणींनी घरी आणायची, अशी पद्धत पडली होती. एरवी त्या खोलीवर जायच्या. यंदा खोली बंद, म्हणून त्या सरळ इथं आल्या.

मीनानं त्यांना पाहिलं, मग पेरूखालच्या थोरलीला पाहिलं, आणि तिच्या मानेपर्यंत रक्त चढलं.

"या ना मावशी, आत या. चहा टाकते," ती म्हणाली, आणि बोलता बोलता थोरलीच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. पण थोरलीसमोर उभं राहून थोरली कशी झाकणार? मंगलाबाईनं ताट खाली ठेवलं. बायडाबाई पुढं होऊन देगेत डोकावली.

"उन्हाचा चहा नको," शेवटी बायडाबाई म्हणाली. "आम्ही वसरीत बसतो. तू घास. आम्ही घेऊनच जाऊ."

मीना घासायला बसली. जीवननं मळ्यातल्या टाकीवरून हंडे भरून आणले. दारात आलेल्या पाच बायकांनी आपल्याकडं पाहत बसावं आणि आपण पाठमोरं घासावं, यासारखा जाच नाही. बांगड्या वर सारून, पदर खोचून तिनं सगळा राग त्या तळावर काढला. कढी निघेना तेव्हा तिनं घरातून तारेचा चोथा आणला. तारेनं कढी निघाली. मीनाला हुरूप आला. आतून सगळी देग तिनं तारेनं खरवडून काढली, पाणी ओतलं, आणि घाम पुसत म्हणाली, "घ्या. आता बघा."

बायडाबाई उठून आली, वाकली आणि तशीच राहिली. थोरलीच्या आत जिथं चांदीसारखं पांढरं असायचं, तिथं लाल तांबं उघडं पडलं होतं.

"कल्हई गेली," ती म्हणाली.

मंगलाबाईला रडूच फुटलं. "उद्या वरणात चिंच पडायचीय. तांबं उतरून सगळं कळकंल. वऱ्हाडाला काय वाढू मी? मंडपवाल्याला आता फोन केला तर तो कवा येणार?"

कोणी तरी अब्बासचाचाला बोलावून आणलं. चाचा आला, देगेच्या काठावर हात टेकून आत बघितलं, नखानं तळ खाजवून पाहिला. तो माणूस मुळातच थोडं बोलणारा. चाचीपुढं नवऱ्याला बोलायला जागा उरली नव्हती असं गावात म्हणत, आणि तोही ते हसून मान्य करी.

"पोरी," तो मीनाला म्हणाला, "आतून तार लावत नाय. राख आणि नारळाची शेंडी. चिंच लावायची ती बाहेरून."

"मला कुणी सांगितलंच नाय चाचा."

"सांगणारी सातपूरला गेली."

"इथं होती तवाबी नाय सांगितलं," मीना म्हणाली. रडायला आलेली, पण बोलली. "मी तवा एकदा इचारलं होतं, चाची मी घासू लागू का. चाची म्हनली, राहू दे, तुला नाय जमायचं."

बायडाबाईनं चाचाकडं पाहिलं. चाचानं थोरलीकडं पाहिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"मंगले, रडू नको," चाचा म्हणाला. "कथील हाय माझ्याकडं. नवसागर हाय. थोरली गोरक्षाच्या मांडवात न्या, खड्डा खणा, तिथंच करतो. पण भाता मारायला माणूस लागंल. एरवी खुर्शीद मारायची."

सगळ्यांच्या नजरा जीवनवर गेल्या. जीवन हंडा खाली ठेवून उभा होता. अंगानं भरलेला, पैलवानी केलेला, आणि बायकोच्या चुकीनं मान खाली गेलेला.

"मारतो," तो म्हणाला.

भात्याच्या आधी एक काम होतं, ते जीवनला माहीत नव्हतं. तांबं पूर्ण उघडं करायला देगेत वाळू टाकून, आत उभं राहून पायानं घासायचं असतं. चाचानं त्याला पायाला गोणपाट बांधायला लावलं, थोरलीत उतरवलं, वर मांडवाच्या डांबाला बांधलेला दोर हातात दिला आणि म्हणाला, "फीर." जीवन फिरायला लागला. डावीकडं, उजवीकडं. पोट वरच्या काठाला लागत होतं. मांडवात हळद कांडणाऱ्या बायकांनी मुसळं थांबवली. एकीनं तोंडाला पदर लावला, मग सगळ्याच हसत सुटल्या, आणि रडून डोळे सुजलेली मंगलाबाईसुद्धा त्यात होती.

"कंबर नाही हलवायची, पाय हलव," चाचा शांतपणे म्हणाला.

"चाचा, चाची हे करायची?"

"ती तुझ्यापेक्षा नीट करायची."

मग खड्ड्यात कोळसे पेटले, भात्याची नळी आत गेली, जीवननं भाता मारायला घेतला. थोडा वेळ तो जोरात मारे आणि दमे. चाचा सांगे, "बैलाला हाकतो तसा नको. बाळाला झोका देतो तसा दे." हळूहळू त्याला लय सापडली. देग तापली. चाचानं नवसागराची चिमूट टाकली, पांढऱ्या धुराचा लोट उठला, कथलाची कांडी फिरली, आणि कापसाच्या बोळ्यामागं चांदी पसरत गेली. मीना सगळा वेळ शेजारी बसून होती. कुणी तिला बसायला सांगितलं नव्हतं. कुठं काय, कधी, ते ती विचारत होती आणि चाचा सांगत होता. कल्हईचं ज्ञान त्या घरातून बाहेर गेलं ते त्या दुपारी पहिल्यांदा.

संध्याकाळी थोरलीला हळदकुंकू लागलं. ती चुलीकडं न्यायला निघाले तेव्हा मीना आपल्या घरून धावत आली आणि तिच्यात पदरभर गहू आणि एक नारळ टाकला.

"हे काय?" बायडाबाईनं विचारलं.

"माझ्या घरून तुमच्या घरी आलीय," मीना म्हणाली. "रिकामी कशी देऊ?"

आता ही रीत आपल्याकडं घरोघर आहे. शेजारणीची वाटी आली तर तिच्यात काही तरी घालूनच परत द्यायची. पण मंडळाच्या भांड्यांत इतक्या वर्षांत कोणी गव्हाचा दाणा टाकला नव्हता. खोलीला कोण वाटी परत देतं? बायडाबाई ते बघत उभी राहिली आणि तिच्या डोक्यात काही तरी पक्कं बसलं.

*

लग्न पार पडलं. वरण कळकलं नाही. दुसऱ्या दिवशी बायडाबाईनं सातपूरला फोन लावला. ती फोनवर बोलते तेव्हा फोनची गरज आहे का असं वाटतं.

"थोरली कोणी घासली?" चाचीनं पहिलं तेच विचारलं.

"मीनानं."

"मीनानं?"

"पहिल्यांदा वाटोळं केलं. मग तुझ्या नवऱ्यानं शिकवलं. आता माझ्या अंगणात मंगल घासतीय, मीना शिकवतीय. जीवननं भाता मारला. देगेत नाचला बी."

चाचीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चावी माझ्याकडं हाय," चाची म्हणाली.

"राहू दे तुझ्याकडंच. खोली लागत नाय. ज्याच्या घरचं कार्य झालं त्यानं घासून पुढच्या घरी न्यायची, रिकामी नाय. पुढच्या बाईनं तळ बघून घ्यायची. पुढं कार्य नसंल तर तिथंच राहील. गावात काल ठरलं. तुला विचारायचं होतं, पण तू कुठं इथं?"

चाचीला वाईट वाटलं. ते लपवण्यात काही अर्थ नाही. इतकी वर्षं आपण मनगट झिजवलं, आणि आपण पाठ फिरवली तर चार दिवसांत सगळं सुरळीत. माणसाला आपल्यावाचून अडावं असं वाटतं. तिनं फोन ठेवला आणि खिडकीत जाऊन बसली. खाली पाळी सुटली होती, माणसांचा लोंढा चालला होता. एक गेला की दुसरा त्याच्या मशीनवर उभा राहतो, आवेज सांगायचा. तिनं तेव्हा ते ऐकून घेतलं नव्हतं.

"अम्मी, रडताय?" कौसरनं विचारलं.

"हात दुखतो."

"डाव्या हातानं डोळे पुसताय."

चाचीनं सुनेकडं पाहिलं आणि तिला हसू आलं. ही पोरगी वाटते तितकी गरीब नव्हती.

*

कौसरचा सतवासा, म्हणजे सातव्या महिन्याची ओटभरण, गावीच करायचा ठरला. आवेज रजा काढून आला, बायकोला आणि आईला घेऊन. चाचीचा हात अजून गळ्यातच होता. ती व्हॅनमधून उतरली आणि सवयीनं समाजमंदिराकडं वळली. दाराला कुलूप तसंच होतं. तिनं चावी काढून ते उघडलं. आत डाव, झारे आणि एक पाल होती. ती थोडा वेळ उंबऱ्यावर उभी राहिली, मग कुलूप पिशवीत टाकून, दार नुसतं ओढून घरी आली.

दुपारी थोरली तिच्या दारात आली. पुढून जीवन, मागून गोरक्ष, दोन्ही कड्यांतून बांबू घातलेला. बरोबर बायडाबाई आणि मंगलाबाई. आत लग्नातली उरलेली बुंदी, एक साडी, आणि बाळासाठी मऊ जुन्या धोतराची शिवलेली दुपटी.

"तळ बघून घे," बायडाबाई म्हणाली. "मग म्हणशील सांगितलं नाय."

चाची वाकली. डावा हात आत घातला, तळाच्या वळणात बोट फिरवलं, काठाखाली फिरवलं. ते बोट वर आणून तिनं उन्हात धरलं. बोट स्वच्छ होतं.

"मंगल, तू घासली?"

"मी आणि तेजू. हळद उतरायच्या आधी तिला राखेत हात घालायला लावला. सासरी उपयोगी पडंल."

चाचीनं दुपटं उचलून गालाला लावलं. ती म्हणाली, "चहा घेतल्याशिवाय जायचं नाय."

सतवाशाला थोरलीत जर्दा शिजला, केशरी गोड भात, खोबऱ्याचा. सगळ्या गावाला खाता यावा म्हणून चाचीनं मुद्दाम गोड धरलं. कौसरच्या ओटीत फळं पडली, तिला हिरव्या बांगड्या भरल्या, आणि बायडाबाईनं तिच्या पोटाकडं बघून मुलगीच होणार म्हणून सांगून टाकलं. आवेजला मुलगा हवा होता का मुलगी हे कोणी विचारलं नाही. पंगती दिवस कलेपर्यंत चालल्या. थोरलीत जर्द्याचा कण उरला नाही, पण पाक उरला. तळाच्या वळणाला तो काचेसारखा चिकटला होता.

दुसऱ्या दिवशी ती मीनाच्या घरी जायची होती. तिच्या दिराची, हर्षलची हळद होती. आता घासायची कोणी? कौसरला वाकायचं नव्हतं. चाचीचा हात गळ्यात. राहिले बाप आणि लेक. अब्बासचाचा विहिरीजवळ बसला, आवेजनं पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि दोघं राख घेऊन लागले. चाची फरशीवर बसून हुकूम सोडत होती. जिथं पडली, त्याच फरशीवर.

"तिकडं राहिलं."

"अम्मी, दिसतंय मला."

"दिसतंय तर घास की."

"कंपनीत मशीन पुसायचं काम यापेक्षा बरं," आवेज म्हणाला, पण घासत राहिला. बापलेक इतका वेळ एकमेकांशेजारी बसलेले चाचीनं खूप दिवसांत पाहिले नव्हते. पाणी कमी होतं, म्हणून एकाच हंड्यात धुवून तेच पाणी पुन्हा वापरत होते. घाम त्यात पडत होता.

शेवटी आवेजनं थोरली पालथी घातली, निथळली, आणि दारात आणून ठेवली. चाचीनं तिच्यात खजुराचा पुडा आणि चार कांदे टाकले. मीना आली. बरोबर जावा, नणंदा, हळदीकुंकवाचं ताट.

"या," चाची म्हणाली. "घेऊन जा. लख्ख हाय."

मीनानं नमस्कार केला. कांदे, खजूर बाजूला काढून जावेच्या हातात दिले. मग बांगड्या मागं सारल्या, देगेत हात घातला आणि तळाच्या वळणातून बोट फिरवलं. बोट एका जागी थांबलं. तिनं नखानं खरवडलं. मग ती उभी राहिली, आणि तिचा चेहरा लाल झाला, पण नजर खाली गेली नाही.

"चाची," ती म्हणाली, "वळणात पाक राहिलाय."

मीनाच्या जावेनं तिची पाठ चिमटीत धरली. आवेज पुढं झाला, "अहो वहिनी, एवढं..."

"उद्या आमटी हाय भाऊ. चालायचं नाय," मीना म्हणाली. "परत घासा. गरम पाणी टाकून ठेवा थोडं, मग शेंडीनं निघंल. आतून तार नका लावू. मी सांजच्याला परत येते."

आणि ती पाठ फिरवून, बायका आणि ताट घेऊन निघून गेली.

चाची देगेकडं गेली. वाकून तिनं स्वतः बोट फिरवलं. पाक होता. अगदी पातळ, नखाएवढा. तिच्या काळात तिला तो दिसलाच असता. पण आज तिनं पाहिला नव्हता, आणि मीनानं पाहिला.

ती तशीच देगेच्या काठाला धरून उभी राहिली, आणि तिचे खांदे हलायला लागले. अब्बासचाचाला वाटलं रडतीय. तो उठून जवळ आला. ती हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिच्याकडं एकच हात होता.

"बायडे," तिनं कुंपणापलीकडं हाक मारली, "ऐकलंस का? माझं भांडं परत केलं."

"ऐकलं. बरं केलं तिनं," पलीकडून बायडाबाई म्हणाली.

चाचीनं कमरेच्या पिशवीतून कुलूप आणि चावी काढली आणि आवेजच्या हातात ठेवली. "तुझ्या मोटारसायकलला होईल," ती म्हणाली. "आता पाणी तापव आणि नीट घास. आणि तिकडं तुझ्या घरमालकाला विचार, तिसरी खोली कधी रिकामी होतीय. पोरगी रांगायला लागली की दोन खोल्यांत मावणार नाय."

आवेजनं पॅंट पुन्हा गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चुलीवर पाणी चढवायला गेला.